उत्तर कोण देत आहे?

दि. 11 ऑगस्ट 2018 हा महिन्यातील दुसरा शनिवार होता आणि बँकांना सुट्टी होती. त्या दुपारपासून रात्रीपर्यंतच्या काही तासांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून 28 देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. त्याच काळात भारतातील यंत्रांतून आणखी सुमारे अडीच कोटी रुपये निघाले. या अडीच कोटींपैकी सुमारे 89 लाख रुपये एकट्या कोल्हापुरातील एटीएममधून गेले. सोमवारी, 13 ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. 1906 साली स्थापन झालेल्या, शतकाहून अधिक काळ पत राखलेल्या या बँकेचे एकूण 94 कोटी 42 लाख रुपये तीन दिवसांच्या आत गेले.

हे असले प्रकार मुंबईत किंवा परदेशात घडतात, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या पेठांना त्यांचा काय उपद्रव, असे मानणाऱ्यांनी तो 89 लाखांचा आकडा लक्षात ठेवावा. परंतु या प्रकरणात रकमेपेक्षाही विचार करण्याजोगी गोष्ट आहे, ती म्हणजे चोरीची रीत.

एटीएममध्ये कार्ड सरकवल्यावर यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ते बँकेला प्रश्न विचारते : हे कार्ड खरे आहे काय, खात्यात एवढी शिल्लक आहे काय? हा प्रश्न बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या मध्यस्थ यंत्रणेकडे येतो, तेथून मुख्य खतावणीकडे जातो आणि खतावणीचे उत्तर त्याच मार्गाने परत येते. उत्तर होकारार्थी आले तरच नोटा बाहेर पडतात. चोरट्यांनी या मार्गात खऱ्या स्विचच्या जागी उत्तर देणारी एक बनावट यंत्रणा उभी केली. एटीएमने विचारलेले प्रश्न खतावणीपर्यंत पोहोचलेच नाहीत. मधल्या तोतयाने ते अडवले आणि परस्पर होकार दिला. म्हणूनच एवढी रक्कम जाऊनही ठेवीदारांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही. तोटा बँकेच्या माथी बसला. तिजोरी कोणी फोडली नाही, पहारेकऱ्यालाही कोणी धमकावले नाही. प्रश्न योग्य होता, उत्तरही योग्य नमुन्यात आले. फक्त उत्तर देणारा दुसराच होता.

महाजालावर वावरताना सामान्य कुटुंबाला आणि पेढीला जे छुपे धोके असतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ याच एका वाक्यात सापडते. ब्राउझरमध्ये पत्ता टाकणे म्हणजे प्रश्न विचारणे आणि पडद्यावर पान उमटणे म्हणजे उत्तर येणे. पान कसे दिसते हे प्रत्येक जण पाहतो. ते कोणाकडून आले, हे फार थोडे जण पाहतात.

आपल्या पूर्वजांना हा भेद चांगला ठाऊक होता. हुंडीच्या व्यवहारात ‘शाहजोग’ हुंडी हा एक प्रकार होता. ही हुंडी कोणाही आणणाऱ्याला वटवून मिळत नसे. ती बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या ‘शाह’ मार्फतच वटत असे. अक्षर हुबेहूब असले, रक्कम बरोबर असली, मुदत भरली असली, तरी पैसे नेणारा कोण याची खातरजमा झाल्यावाचून थैली सुटत नसे. कारण उद्या काही वावगे निघालेच, तर धरायला कोणी तरी ठाऊक असलेला माणूस हवा. कागदाचे रूप आणि माणसाची ओळख या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व त्या काळी दुकानात नुकत्याच बसलेल्या मुलालाही शिकवले जाई. महाजालाने कागदाचे रूप हुबेहूब उतरवणे अतिशय स्वस्त करून टाकले; ओळख पटवण्याचे काम मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने 2019 च्या अहवालात कॉसमॉसवरील हल्ल्याची गणना उत्तर कोरियाशी संबंधित हल्ल्यांमध्ये केली. याच देशाशी सुरक्षातज्ज्ञांनी जोडलेला आणखी एक हल्ला पोलंडमध्ये उघडकीस आला आणि केवळ एखादे पान पाहण्यातही कसा धोका असू शकतो, हे त्यावरून कळते. 2017 च्या फेब्रुवारीत असे आढळले की, पोलंडमधील बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळातच घातक संगणकीय ओळी घुसवण्यात आल्या आहेत. बँकेतील कर्मचाऱ्याने नियम वाचण्यासाठी ते संकेतस्थळ उघडले की, त्याला काहीही न दिसता त्याचा ब्राउझर दुसरीकडे नेला जाई आणि संगणकात विषाणू उतरे. हा सापळा सर्वांसाठी नव्हता. निवडक संस्थांच्या संगणकांवरून कोणी आले तरच तो उघडे. त्या निवडक यादीत 31 देशांतील शंभरावर संस्था होत्या आणि त्यांत बँकांचा भरणा मोठा होता. दाजीपूरच्या रानात बिबट्या सावजामागे धावत बसत नाही. सावज पाण्यावर येणारच हे जाणून तो पाणवठ्याशी दबा धरतो. संगणकाच्या जगातही या रीतीला पाणवठ्यावरचा हल्ला असेच म्हणतात.

‘आम्ही भलत्यासलत्या ठिकाणी जातच नाही, मग भय कसले?’ हा घरोघर ऐकू येणारा युक्तिवाद यापुढे टिकत नाही. भलत्या ठिकाणी न जाणे चांगलेच. पण माणूस बेसावध असतो तो रोजच्या, विश्वासाच्या जागी.

या विश्वासाच्या जागा कोणत्या, त्या एकेक पाहू.

पहिली जागा म्हणजे शोधयंत्र. बँकेचे, कुरिअरचे किंवा गॅस कंपनीचे काम अडले की लोक गूगलवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधतात आणि सर्वांत वर दिसणारा क्रमांक फिरवतात. वरची जागा ही पुष्कळदा पैसे भरून घेतलेल्या जाहिरातीची असते; तेथे अधिकृत संस्थाच असेल, अशी शाश्वती नाही. ठक तेथे आपला क्रमांक लावून बसतात. येथे फोन ग्राहकानेच केलेला असतो, म्हणून त्याच्या मनात संशय येत नाही. पलीकडचा मनुष्य आदबीने बोलतो, तक्रार नोंदवून घेतो आणि ‘मदतीसाठी’ एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतो. त्या अ‍ॅपमधून ग्राहकाच्या मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागतो. पुढे आलेला ओटीपी विचारण्याचीही त्याला गरज उरत नाही. प्रश्न बँकेला विचारला होता. उत्तर मात्र मधल्याने दिले. क्रमांक घ्यायचा तो पासबुकावरून, कार्डाच्या मागील बाजूवरून किंवा शाखेतून घ्यावा.

दुसरी जागा म्हणजे पत्त्याच्या पट्टीतील कुलपाचे चिन्ह. कुलूप दिसले की संकेतस्थळ सुरक्षित, अशी शिकवण अनेक वर्षे दिली गेली. त्या कुलपाचा खरा अर्थ एवढाच की, ब्राउझर आणि ते संकेतस्थळ यांच्यामधील संभाषण वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसले आहे, याची हमी कुलूप देत नाही. चोराच्या घराचे दारही कडेकोट बंद असू शकते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आज कोणालाही फुकट मिळते आणि फसव्या संकेतस्थळांवरही कुलूप झळकते. हा गैरसमज इतका रुजला की, गूगलने 2023 साली आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढून तेथे साधे, तटस्थ चिन्ह बसवले.

मग पाहायचे काय? पाहायचा तो पत्ता, तोही अक्षर-अक्षर. रोमन लिपीत ‘आर’ आणि ‘एन’ ही लहान अक्षरे शेजारी आली की ‘एम’चा भास होतो. लहान ‘एल’ आणि एकाचा आकडा यांत घाईच्या नजरेला फरक जाणवत नाही. रशियन लिपीतील काही अक्षरे तर रोमन अक्षरांसारखीच दिसतात. 2017 साली एका संशोधकाने अशा अक्षरांनी अ‍ॅपल कंपनीच्या पत्त्याची हुबेहूब दिसणारी प्रतिकृती करून दाखवली होती. शिवाय पत्त्यात बँकेचे नाव आहे एवढ्याने भागत नाही; ते कोठे आहे याला महत्त्व असते. पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी जे शब्द येतात, ते त्या घराच्या खऱ्या मालकाचे. त्यांच्या डावीकडे कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो.

या बाबतीत बँकग्राहकांना अलीकडे एक चांगला आधार मिळाला आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये परिपत्रक काढून सर्व बँकांना आपली संकेतस्थळे 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. हा शेवट बाजारात कोणालाही विकत मिळत नाही. रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत तो केवळ बँकांना दिला जातो. थोडक्यात, ही शाहजोगची जुनी कल्पना नव्या रूपात आली आहे. पहिल्या तिरप्या रेषेआधी पत्ता याच शब्दांनी संपतो ना, हे पाहूनच पासवर्ड टाकावा. त्याहून उत्तम म्हणजे खात्री केलेला पत्ता एकदा ब्राउझरमध्ये खूण करून जपून ठेवावा आणि दर वेळी त्या खुणेवरूनच जावे. संदेशातून आलेल्या दुव्यावरून बँकेत कधीही जाऊ नये.

तिसरी जागा अधिक अवघड आहे, कारण तेथे पत्ताही खरा असतो. कॉसमॉसचे प्रकरण घडले त्याच ऑगस्ट महिन्यात ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या संकेतस्थळात कोणी तरी अवघ्या 22 ओळींचा मजकूर घुसवला. प्रवासी खऱ्या पानावर कार्डाचा क्रमांक लिहीत होते, तिकिटेही खरी मिळत होती. मात्र लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत चोरांकडे जात होती. 21 ऑगस्टपासून 5 सप्टेंबरपर्यंत हे चालले. चार लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती धोक्यात आली आणि 2020 साली ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड केला. ग्राहकाने येथे कितीही डोळसपणे पाहिले असते तरी त्याला काही दिसले नसते.

जेथे ओळखणे हाती नसते, तेथे तोटा मर्यादित ठेवणे हाती असते. चाणाक्ष व्यापारी उधारी ठेवतो, पण प्रत्येक गिऱ्हाइकाची मर्यादा ठरवून ठेवतो. ऑनलाइन खरेदीसाठी वेगळे कार्ड व वेगळे खाते असावे आणि त्यात गरजेपुरतीच रक्कम असावी. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे कार्डाचा ऑनलाइन व परदेशी वापर चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय ग्राहकाला मिळाली आहे. परदेशी जायचे नसेल तेव्हा परदेशी वापर बंदच असावा. पेढीचे चालू खाते तर ऑनलाइन किरकोळ खरेदीला कधीच जोडू नये.

चौथी जागा ब्राउझरच्या आतच आहे. जाहिराती रोखणारी, भाषांतर करणारी, फाइलींचे रूप बदलून देणारी छोटी जोडउपकरणे, म्हणजे एक्स्टेन्शन, लोक सहज बसवून घेतात. बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी’ मागितली जाते आणि न वाचताच ती दिली जाते. या परवानगीचा सरळ अर्थ असा की, बँकेच्या पानावर जे जे दिसते ते त्या उपकरणालाही दिसते. ‘ग्रेट सस्पेंडर’ नावाचे असे एक उपयुक्त एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत असत. 2020 साली मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याला विकले. 2021 च्या फेब्रुवारीत गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले. पेढी विकली गेली, पण पाटी तीच राहिली आणि गिऱ्हाइके आधीच्याच भरवशाने येत राहिली. जे एक्स्टेन्शन रोज लागत नाही ते काढून टाकावे. बँकेच्या कामासाठी तर एकही एक्स्टेन्शन नसलेला वेगळा ब्राउझर ठेवावा.

पाचवी जागा म्हणजे दुकानातला संगणक. यासंबंधी घरात बोलणे सर्वांत अवघड, म्हणून सर्वांत आवश्यक. ज्या संगणकावर जीएसटीचे विवरण भरले जाते, बँकेचे व्यवहार होतात, हिशेबाचे सॉफ्टवेअर चालते, त्याच संगणकावर दुपारी चित्रपट पाहिला जातो आणि सुट्टीत मुले फुकटचा खेळ उतरवतात. मूळ सॉफ्टवेअरचे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या प्रतींतून, ‘तुमचा ब्राउझर जुना झाला, येथे दाबा’ अशा खोट्या सूचनांतून, ‘लग्नपत्रिका’ म्हणून आलेल्या फाइलींतून एक विशिष्ट जातीचा विषाणू पसरतो. तो काहीही बिघडवत नाही आणि पडद्यावर काहीही दाखवत नाही. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड आणि कुकी तो उचलतो व पाठवून देतो.

कुकी म्हणजे काय, हे समजले की या चोरीचे गांभीर्य कळते. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो. परत येताना नाव विचारले जात नाही, बिल्ला दाखवला की काम होते. संकेतस्थळावर एकदा पासवर्ड व ओटीपी देऊन आत गेले की ब्राउझरला असाच बिल्ला मिळतो, म्हणजे पानापानावर पुन्हा ओळख द्यावी लागत नाही. हा बिल्ला चोराच्या हाती लागला की त्याला पासवर्डही नको आणि ओटीपीही नको. बँका आपला बिल्ला काही मिनिटांतच बाद करतात. ईमेलचा बिल्ला मात्र कित्येक दिवस चालतो आणि व्यापाऱ्याचा खरा घात तेथे होतो.

समजा, इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याच्या ईमेलमध्ये असा कोणी शिरला. तो लगेच काही करत नाही. कोणाचा माल कधी येतो, बिल कोणत्या नमुन्यात असते, आदराने कोण कोणाला काय म्हणतो, हे सारे तो महिनाभर वाचत बसतो. मग एके दिवशी नेहमीच्या सूतपुरवठादाराच्या नावाने, नेहमीच्याच भाषेत पत्र येते : ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यावर पाठवावी.’ बिल खरे, रक्कम खरी, तारीख खरी; खाते तेवढे चोराचे. दिवाणजी रक्कम पाठवतात आणि पंधरा दिवसांनी पुरवठादाराचा तगादा येतो, तेव्हा सारे उघड होते. अशा प्रसंगी दिवाणजींच्या पंचवीस वर्षांच्या इमानावर शिंतोडे उडतात आणि दोन पेढ्यांत पिढीजात संबंध बिघडतात. रक्कम कधी तरी भरून निघते. हे नुकसान सहसा भरून निघत नाही. म्हणून प्रत्येक पेढीने एक नियम लेखी करून भिंतीवर लावावा : खाते क्रमांक बदलल्याची सूचना कोणत्याही मार्गाने आली, तरी जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर मालकाशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय रक्कम जाणार नाही. नियम लेखी असला की दिवाणजींनाही ‘मालक, जरा थांबा’ म्हणण्याचा अधिकार मिळतो आणि मालकाच्या घाईलाही लगाम बसतो.

संगणकापुरता उपाय सोपा आहे. बँक, कर आणि हिशेब यांसाठी एक स्वतंत्र संगणक ठेवावा, मग तो साधा, स्वस्त का असेना. त्यावर दुसरे काहीही करू नये. ब्राउझर व संगणक यांची अद्ययावत आवृत्ती त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच घ्यावी. पानावर उगवलेल्या सूचनेवरून कधीही घेऊ नये. बँकेचा व ईमेलचा पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवू देऊ नये. काम संपल्यावर केवळ खिडकी बंद न करता रीतसर लॉगआउट करावे, म्हणजे बिल्ला बाद होतो. आणि ‘सूचना पाठवू काय?’ असे एखाद्या पानाने विचारले, तर नकार द्यावा. एकदा होकार दिला की खोट्या इशाऱ्यांचा ओघ सुरू होतो.

एवढे करूनही घात झालाच तर? येथे व्यापारी समाजाचा एक सद्गुणच त्याच्या आड येतो. पत ही पेढीची खरी पुंजी, म्हणून तोट्याची वाच्यता न करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या अंगी बाणलेली असते. फसवणूक झाली हे कळल्यावर पहिला विचार येतो तो पैशाचा नव्हे, ‘लोक काय म्हणतील’ याचा. घरातील वडीलधाऱ्यांना सांगायचे की नाही, यात मुलगा दोन दिवस घालवतो. वडील शाखेत जायचे की नाही, यात आणखी दोन. आणि नेमके हेच दिवस महत्त्वाचे असतात.

रिझर्व्ह बँकेने 2017 साली काढलेल्या परिपत्रकांनुसार, चूक बँकेची नाही व ग्राहकाचीही नाही, दोष यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवले, तर खात्याच्या प्रकारानुसार 5,000 ते 25,000 रुपयांपर्यंतची जबाबदारी येते. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणावर अवलंबून राहावे लागते. ग्राहकाने स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सारा तोटा त्याचा. कळवल्यानंतरचा मात्र बँकेचा. म्हणजे स्वतःची चूक असली तरीही कळवण्याची घाई करणे हिताचेच आहे. सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक 1930 आहे. तेथे तक्रार गेली की ज्या बँकेत पैसे पोहोचले, तिला ते गोठवण्याची सूचना जाते. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती पोहोचली तर उपयोग. म्हणून येथे हिशेब दिवसांचा नसून मिनिटांचा असतो.

कॉसमॉस प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने 2023 च्या एप्रिलमध्ये 11 जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली. पण ही माणसे येथे बनावट कार्डे घेऊन फिरणारी होती. दूर बसून उत्तरे बदलणाऱ्यांपर्यंत हात पोहोचणे किती कठीण असते, हे त्यावरून दिसते. न्याय मिळतो तो उशिरा, आणि पैसा परत येतो तो थोडा. सावधगिरी आधीच बाळगणे हाच या व्यवहारातला खरा नफा आहे.

दिवाळीला वहीपूजन होते. त्याआधी जुन्या वह्या तपासल्या जातात, येणे-देणे ताडून पाहिले जाते, तिजोरीच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत याची उजळणी होते. त्याच दिवशी घरातील प्रत्येक संगणक व मोबाइल उघडून पाहण्याचा प्रघात पाडावा. ब्राउझरमध्ये कोणकोणती एक्स्टेन्शन बसली आहेत, कोणते पासवर्ड साठवले आहेत, ईमेल कोणकोणत्या उपकरणांवर उघडा आहे, बँकेत कोणाला किती रकमेचा अधिकार दिला आहे, हे वडिलांनी व मुलांनी एकत्र बसून पाहावे. वडिलांना तंत्र ठाऊक नसते आणि मुलांना माणसांची पारख नसते. दोघे एकत्र बसले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. नको ते काढून टाकावे, जुने पासवर्ड बदलावेत, ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय एकदा वापरावा आणि 1930 हा क्रमांक नव्या वहीच्या पहिल्या पानामागे लिहून ठेवावा. एवढ्या कामाला एक तास पुरतो.